हमामातलं म्युझियम, कुलपातला महाल

मराठी घरात बीदरचा राजवाडा माणसाला फार लवकर भेटतो, इतिहासाच्या पुस्तकाच्याही आधी. कीर्तन रंगात आलेलं असतं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्या रयतेसाठी बादशाही कोठारं उघडल्याची खबर बीदरला पोचलेली असते. पंतांना धरून आणायला शिपाई निघतात. इतक्यात विठू महार नावाचा एक सांगकाम्या दरबारात येतो, घोंगडीखालची थैली काढतो, धान्याची सगळी किंमत मोजून देतो आणि रीतसर पावती मागून घेतो. ती पावती पुढे पंतांच्या पोथीत सापडते. श्रोते हात जोडतात, कीर्तनकार गजर धरतो आणि बीदरचा दरबार तिथेच राहतो.

गुरुचरित्राची पारायणं होतात त्या घरांत बीदरची दुसरी ओळख असते. कुरवपूरच्या एका रजकाला राजवैभव भोगायची वासना झाली, तेव्हा श्रीपाद श्रीवल्लभांनी त्याला सांगितलं की पुढच्या जन्मी तू वैदुर्यनगरात यवन राजा होशील. तो राजा पुढे मांडीवरचा स्फोटक घेऊन गाणगापूरला आला, बरा झाला आणि नृसिंह सरस्वतींना मोठ्या थाटाने आपल्या नगरात घेऊन गेला. हे वैदुर्यनगर म्हणजे बीदर. दोन्ही कथा कितीदा ऐकल्या तरी तो राजवाडा दिसायचा कसा हे काही कळत नाही. कीर्तनात बादशहा येतो, त्याच्या महालाचे खांब येत नाहीत.

ते काम एका रशियन व्यापाऱ्याने करून ठेवलं आहे. त्वेर शहरचा अफनासी निकितीन १४७० च्या आसपास विकायला एक घोडा घेऊन आपल्या चौल बंदरात उतरला. रेवदंड्याला आता त्याचं स्मारक आहे. सह्याद्री चढून तो जुन्नरला आला आणि त्याने पावसाळा तिथे काढला. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला. तो कसाबसा परत मिळवून निकितीन बीदरला पोचला आणि तिथे बराच काळ राहिला. सुलतानाच्या महालाला सात दरवाजे आहेत, असं त्याने लिहिलं. दर दरवाजात शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून बसतात, काही कारकून येणाऱ्यांची नोंद करतात तर काही जाणाऱ्यांची, आणि परदेशी माणसाला आत सोडत नाहीत. आतला एकूण एक दगड मात्र कोरलेला आणि सोन्याने रंगवलेला आहे, हेही तोच सांगतो. सोडत नव्हते तर याला दिसलं कसं? एकतर तो शिरला असेल किंवा त्याने ऐकीव लिहिलं असेल. वार्तांकन करणाऱ्यांना दोन्ही मार्ग ठाऊक आहेत.

ही नोंदवह्यांची माहिती वाचल्यापासून विठू महाराची कथा आम्हाला वेगळी दिसू लागली. भाविकाने असं खुशाल मानावं की त्या शंभर कारकुनांपैकी कोणीतरी विठूचंही नाव उतरवून घेतलं असेल, गाव मंगळवेढे, काम भरणा. निकितीनने आणखी एक गोष्ट लिहिली आहे ती दामाजीपंतांच्या कथेला थेट जाऊन भिडते. इथले सरदार अफाट श्रीमंत आणि खेड्यातली रयत अतिशय दीनवाणी आहे, असं त्याचं निरीक्षण. पंधराव्या शतकातल्या ज्या दुष्काळात कोठारं उघडावी लागली, त्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको.

तर हा राजवाडा पाहायला जायचं ठरलं. लातूर रोडवरून रेल्वे उदगीर आणि भालकी घेत बीदरला जाते. मराठवाड्यातल्या माणसाला या वाटेवर परमुलखात चाललोय असं वाटत नाही आणि त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते मुंबई राज्यात आले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. एका जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. भालकीच्या बाजारात भाव मराठीत ठरतो, पैसे कन्नडमध्ये मोजले जातात आणि भांडण झालंच तर ते दखनीत होतं. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिक प्रभूंच्या दर्शनाला सोलापूर-लातूरकडची माणसं अजून तितक्याच हक्काने जातात.

बीदर पठाराच्या कडेवर वसलं आहे आणि ते पठार जांभ्या दगडाचं आहे. कोकणी वाचकाला हे ऐकून नवल वाटेल, पण किल्ल्याच्या तटाजवळ उभं राहिलं की लाल, भोकाभोकांचा, ओळखीचा दगड सगळीकडे दिसतो. याच दगडात खंदक खोदला आहे आणि तोही तिहेरी. खोदताना मधले दगडी बांध तसेच सोडून दिले. त्यामुळे एका खंदकाचे तीन झाले आणि शत्रूला एक ओलांडला की दुसरा समोर यायचा. अहमदशाह वली बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, इथे हलवली आणि १४३२ पर्यंत हा किल्ला पुरा केला. पुढे तोफा आल्या तसे बुरूज बदलत गेले. शर्झा दरवाजावर कोरलेले दोन वाघ आहेत, तो १५०३ मधला. त्यानंतर घुमटाचा दरवाजा लागतो आणि तो ओलांडला की आत राजवाड्यांचा परिसर सुरू होतो.

आत शिरणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, म्युझियम कुठाय? ते आहे शाही हमामात. म्हणजे राजघराण्याच्या स्नानगृहात. आत जुनी हत्यारं, परिसरातून आणलेल्या मूर्ती आणि शिल्पं, अश्मयुगीन दगडी अवजारं मांडलेली आहेत. जिथे एकेकाळी बादशहा न्हायला येत असत, तिथे आता देवादिकांच्या मूर्ती भिंतीला टेकून उभ्या आहेत. इमारत थंड आहे, भिंती जाड आहेत आणि उन्हात फिरून आलेल्या पर्यटकाला सगळ्यात आधी आवडतो तो हा थंडावा. बऱ्याच जणांची भेट इथेच संपते. हत्यारांसमोर फोटो निघतो, मुलांना तोफा दाखवल्या जातात आणि मंडळी बाहेरच्या हिरवळीवर डबे उघडतात.

यात त्यांची चूक आहे असं आम्हाला वाटत नाही. राजवाडा-म्युझियम म्हणजे काय याची आपली कल्पना कोल्हापूरने घडवली आहे. मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाने आराखडा केलेला तिथला नवा राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला. देशी घाट आणि विलायती मनोरे त्याने एकाच इमारतीत बसवले, बडोद्याच्या लक्ष्मीविलासमध्येही त्याचाच हात. कोल्हापूरला तळमजल्यावर छत्रपतींच्या घराण्याचा संग्रह आहे: पालख्या, तलवारी, पोशाख, पेंढा भरलेले वाघ. वरच्या मजल्यावर घराण्याची वस्ती. असल्या वाड्यात वस्तू बोलतात, कारण त्या वापरणाऱ्यांचे नातू-पणतू अजून तिथे आहेत. युरोपातले उंच मनोऱ्यांचे आणि टोकदार कमानींचे गॉथिक राजवाडे म्युझियम झाले तेव्हाही बहुतेक ठिकाणी घराण्याचं सामान जागच्या जागी होतं. खुर्ची होती, पलंग होता, भिंतीवर आजोबा होते.

बीदरला आजोबा नाहीत. बहमनी सत्ता मोडली, मग बरीदशाही आली. १६१९ मध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बीदर गिळलं आणि त्या दिवसापासून हा राजवाडा कोणाचंच घर राहिला नाही. किल्लेदार राहिले. त्यातला सिद्दी मर्जान म्हातारपणापर्यंत किल्ला राखून होता. १६५७ मध्ये औरंगजेबाने वेढा घातला, दारूगोळ्याचा भडका उडून मर्जान भाजला, किल्ला पडला आणि त्याचं नाव जफराबाद झालं. तेही टिकलं नाही. अठराव्या शतकात किल्ला निजामाकडे आला. १७६२ मध्ये निजामअलीने आपल्या भावाला, सलाबतजंगाला, गादीवरून काढून याच किल्ल्यात कोंडलं आणि पुढच्या वर्षी तो इथेच मेला. घराचा तुरुंग झाला, तुरुंगाचे ढिगारे झाले. विसाव्या शतकात हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याने, म्हणजे मुख्यतः त्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी, हे ढिगारे उपसायला घेतले. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या त्या खात्याची धुरा त्यांच्याकडे होती. बीदरवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९४७ मध्ये आला. आज किल्ल्यात जी भिंत ज्या नावाने दाखवली जाते, त्यातली बरीचशी नावं आणि ओळख त्यांनी नक्की केलेली आहे.

म्हणून बीदरच्या राजवाड्यात कपाटं शोधू नयेत. वस्तू चार शतकांत गेल्या. उरल्या त्या भिंती, आणि प्रदर्शन भिंतींचंच आहे. हे पटवून घ्यायचं तर रंगीन महाल उघडा मिळायला हवा.

रंगीन महालाला कुलूप असतं. किल्ल्यातल्या माणसांना विचारावं लागतं, थांबावं लागतं. किल्ली घेऊन येणारा माणूस आधी आपल्याला न्याहाळून घेतो. आम्हाला भेटलेले काका मराठी, कन्नड आणि दखनी एकाच वाक्यात बोलत होते. दार उघडताना त्यांनी एकच अट घातली, "साहेब, बघा किती पण, हात नका लावू. निघतंय ते."

महाल छोटा आहे, अगदी अपेक्षेपेक्षा लहान. घुमटाच्या दरवाजाजवळ, तटाच्या आडोशाला तो बांधला आहे. मूळ इमारत बहमनी काळातली, पण आज दिसतो तो थाट मुख्यतः अली बरीदचा. हा १५४२ ते १५८० पर्यंत राज्यावर होता, बरीदांपैकी स्वतःला शाह म्हणवणारा पहिला. त्याचं राज्य आकाराने बारीक होतं आणि शेजारी बलाढ्य. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तो इतर सुलतानांच्या बाजूला उभा होता, पण लुटीत त्याच्या वाट्याला कितीसं येणार! अशा राजाने मोठा महाल बांधला नाही. जो होता त्याच्या एका दरवाजावर त्याने सगळं कसब ओतलं.

पहिल्या दालनात लाकडी खांब आहेत. खांबांवरचे ब्रॅकेट इतके दाट कोरलेले की आपण पाहतोय तो सुलतानाचा महाल की एखाद्या देवळाचा सभामंडप असा प्रश्न पडावा. उत्तर सरळ आहे. कारागीर इथलेच होते आणि लाकूड कसं बोलतं हे ते देवळांच्या कामावरच शिकलेले होते. सुलतानांच्या पदरी असलेल्या देशी सुताराने आपला हात बदलला नाही, फक्त त्यात मूर्ती कोरल्या नाहीत. या खांबांच्या मागे भिंतींवर रंगीत फरशांचं काम आहे, निळा, पिवळा, पांढरा, हिरवा. चिनीमातीचे हे तुकडे कापून नक्षीत बसवलेले. काही जागी पूर्ण पट्टा शाबूत आहे, काही जागी चुन्यात फक्त खाचा.

आणि मग आतल्या खोलीचा दरवाजा. कुळकुळीत काळा दगड, त्यात शिंपल्याच्या चकत्या बसवून काढलेल्या वेली, भौमितिक नक्षी आणि फारसी ओळी. दिवसाच्या उजेडात शिंपला पांढरा दिसतो. काकांनी मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा तो गुलाबी झाला, मग हिरवट, मग परत पांढरा. फारसी अक्षरं वाचता न येणाऱ्यालाही ती चौकट पुरते. ओळींमधली प्रत्येक वळणदार रेघ शिंपल्याच्या कित्येक तुकड्यांनी सांधलेली आहे, आणि सांधा बोटाने शोधावा असा मोह होतो. काका मागे उभेच होते.

हात लावायला मनाई का, हे चौकटीच्या खालच्या भागात कळतं. माणसाचा हात सहज पोचेल इतक्या उंचीवर शिंपला जागोजाग नाही. खाच आहे, तिचा आकार आहे, तुकडा कोणी नेला ते दगड सांगत नाही. वर, जिथे शिडीशिवाय हात जात नाही, तिथे काम बरंच शाबूत आहे. चोरीचा इतका प्रामाणिक पुरावा क्वचित पाहायला मिळतो.

आतल्या खोल्यांतही फरशीकाम आहे आणि महालाखाली तळघरं आहेत. पण दरवाजा पाहिल्यावर बाकीचं पाहायला मन तयार होत नाही. तासाभराने काकांनीच विषय काढला. "बिदरी बघितली का? आधी ती बघायला पाहिजे होती."

काकांचं म्हणणं बरोबर होतं, हे गावात चौबारा मनोऱ्याच्या बाजूच्या गल्ल्यांत बिदरीकामाच्या एका कारखान्यात शिरल्यावर पटलं. कारखाना म्हणजे एक खोली, जमिनीवर मांडलेली लाकडी ठोकळ्यांची बैठक, त्यावर मेणात बसवलेलं भांडं आणि त्यावर वाकलेला माणूस. बिदरीचं मूळ धातुमिश्रण जस्त आणि तांब्याचं, जस्त सोळा भाग तर तांबं एक भाग. वाळूच्या साच्यात भांडं ओतायचं. मोरचुदाच्या पाण्याने त्याचा पृष्ठभाग तात्पुरता काळा करायचा, म्हणजे त्यावर पोलादी कलमाने काढलेली नक्षी उमटून दिसते. मग तीच नक्षी छिन्नीने खोदायची आणि त्या खोदकामात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. घासून-पुसून झालं की भांडं पुन्हा राखाडी होतं आणि चांदी त्यात जवळजवळ दिसेनाशी होते. त्यावेळी एखाद्याने ते पाहिलं तर म्हणेल, एवढा खटाटोप फुकट गेला.

मग माती येते. किल्ल्यातल्या जुन्या भिंतींच्या आतली, ऊन आणि पाऊस न लागलेली माती. तिच्यात नवसागर मिसळून तो गरम लेप भांड्यावर चोळला की जस्ताचा धातू कायमचा काळा होतो आणि चांदीला काहीही होत नाही. सगळी किमया या एका पायरीत आहे. माती चांगली की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. आम्हाला दाखवण्यासाठी त्यांनी चिमूटभर चाखली, तोंड वाकडं केलं आणि हसून म्हणाले, "खारी है, अच्छी है."

आता महालातला तो दरवाजा आठवा. काळा दगड, पांढरा शिंपला. इथे काळं जस्त, पांढरी चांदी. दोन्ही कामं एकाच गावाच्या डोळ्याने घडवलेली आहेत. काळ्यावर उजळ रेघ उमटवायची आणि काळाच रंग असा गडद करायचा की रेघ आपोआप उजळावी. या डोळ्याचा इतिहास लिहायला पुरेसे कागद नसतील, पण दोन वस्तू समोरासमोर ठेवल्या तर वेगळं सांगायची गरज पडत नाही. आणि गंमत बघा, एका वस्तूला दुसरीची माती लागते. किल्ला पडीक झाला आणि त्याच्या भिंतींची माती गावात कारागिरांच्या पोटाला आली. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ मध्ये बीदरचे ज्येष्ठ बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. राजवाड्यातल्या वस्तू कुठे गेल्या असं विचारणाऱ्याला दाखवायला हे एक उत्तर आहे: निदान एक वस्तू गावात रोज नव्याने तयार होते.

परत किल्ल्यात. तख्त महाल बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आणि बाकी सगळ्यांपेक्षा अधिक उद्ध्वस्त. राज्याभिषेक इथे होत. कमानीच्या खांद्यावर रंगीत फरशांमध्ये सिंह आणि मागे उगवता सूर्य आहे, इराणी राजचिन्ह. बराचसा झिजलेला, पण एकदा कुणी बोट दाखवलं की दिसत राहतो. बहमनींचं सिंहासन, तख्त-ए-फिरोजा, तेलंगणच्या राजाकडून आलेलं होतं, सोन्याचं, निळ्या मिन्याने मढवलेलं आणि रत्नांनी जडवलेलं. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की महमूदशहा बहमनीच्या वेळी ते मोडून त्याच्या रत्नांनी मद्याचे पेले आणि सुरया सजवण्यात आल्या. राज्य बुडायच्या आधी राजाने सिंहासनच मोडून प्यायला घेतलं, याहून नेमकी गोष्ट कादंबरीकारालाही सुचणार नाही.

शेजारी सोळा खांबी मशीद. तिच्यावरचा लेख १४२३-२४ चा, म्हणजे राजधानी इथे स्थिरावण्याच्याही आधीचा. आत खांबांच्या रांगा, एकावर एक सरकत जाणाऱ्या कमानी. मुंबईहून आलेला एक तरुण आर्किटेक्ट सोबत होता, तो म्हणाला, ही टोकदार कमान बघा, सीएसटीमध्येही हीच. हे खरं नाही, पण अगदी खोटंही नाही. टोकदार कमान मुंबईत व्हिक्टोरियन गॉथिकच्या वाटेने आली, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या त्या स्टेशनची इमारत १८८८ ची. दख्खनला ती इराणच्या वाटेने साडेचारशे वर्षं आधी येऊन बसलेली होती. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे आपण दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या एकाच नाकाकडे पाहत असतो.

गावात महमूद गावानचा मदरसा आहे. गावान इराणातल्या गीलानहून आलेला व्यापारी, पुढे बहमनींचा वजीर. निकितीनच्या वेळी राज्य खऱ्या अर्थाने तोच हाकत होता. १४७२ मध्ये पुरा झालेला हा तीन मजली मदरसा, त्यात हजारोंचा ग्रंथसंग्रह, दर्शनी बाजूवर निळ्या-पिवळ्या फरशांचं काम. १४८१ मध्ये त्याच्या शिक्क्याच्या एका खोट्या पत्रावरून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. औरंगजेबाच्या काळात मदरशात साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग उडाला. उरलेल्या मनोऱ्यावर अजून निळं आहे. रस्ता अगदी अंगावरून जातो. हॉर्न वाजवत रिक्षा मनोऱ्याच्या बुडाशी वळतात.

बहमनी सुलतानांची कबरस्थानं बीदरजवळच्या अष्टूरला आहेत. हुमायूनचा घुमट वीज पडून अर्धा कोसळलेला आहे. अहमदशाह वलीच्या मकबऱ्यात आतून रंगीत चित्रकाम आहे, सोन्याचा वर्ख आणि लालभडक शेंदरी, आणि टॉर्च लागतोच. पण वास्तूपेक्षा इथला उरूस ऐकण्यासारखा. लिंगायत भाविक या सुलतानाला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. होळीनंतर भरणाऱ्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळहून जंगम येतात, शंख वाजतो, नारळ फुटतो आणि सुलतानाच्या कबरीवर फुलं वाहिली जातात. बीदरच्या गाद्यांवर बसलेल्यांपैकी लोकांनी ज्याला अजून सोडलेलं नाही असा हा एकच.

बीदर ते कलबुर्गी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली, हुमनाबादवरून. त्याआधी हा प्रवास बसनेच व्हायचा. कलबुर्गीला बहमनींचे राजवाडे उरलेले नाहीत. उरली किल्ल्यातली जामा मशीद, १३६७ ची, पूर्ण छताखाली असलेली, मोकळं अंगणच नसलेली, भारतात असल्या मशिदी फारच थोड्या. आणि सरकारी म्युझियम. ते आहे दोन जुन्या घुमटांत, म्हणजे मकबऱ्यांत. सेडम रस्त्यावरच्या या घुमटांत सन्नतीची बौद्ध शिल्पं, जैन मूर्ती, शिलालेख ठेवले आहेत. बीदरला न्हाणीघर, इथे कबर. सीमाभागात म्युझियमांना स्वतःचं घर मिळायला जड जातं असं दिसतं.

पण इथल्या सन्नतीच्या दगडांसमोर थांबावंच. सन्नती भीमेच्या काठावर, चितापूर तालुक्यात. चंद्रलांबा परमेश्वरी ही महाराष्ट्रातल्याही अनेक घराण्यांची कुलदेवी, नवस फेडायला मंडळी पिढ्यानपिढ्या तिथे जातात. १९८६ मध्ये त्या देवळाच्या आवारातल्या काली मंदिराचं छत कोसळलं आणि मूर्तीच्या पीठात अशोकाचा शिलालेख बसवलेला आढळला. कुलदेवीच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांपूर्वीचा सम्राट दबून बसला होता आणि लोक त्यावरून पाणी घालत होते. पुढे शेजारच्या कनगनहळ्ळीला मोठा स्तूप सापडला. त्याच्या शिल्पांत राण्यांसह उभा असलेला अशोक आहे आणि त्याखाली ब्राह्मीत नाव लिहिलेलं आहे, राया अशोक. नाव कोरलेलं अशोकाचं शिल्प असं दुसरीकडे सहज दाखवता येत नाही.

गाणगापूर इथून जवळच, अफझलपूर तालुक्यात. रोज महाराष्ट्रातून गाड्या येतात. पादुकांचं दर्शन, संगमावर स्नान, मधुकरी, परत. वैदुर्यनगरच्या राजाची कथा पारायणात वाचलेली ही मंडळी त्याचा राजवाडा पाहायला वळत नाहीत. कारण विचारलं तर लोक सांगतात, तिथे आता काही नाही. आम्हीही दोन-तीन गाड्यांना विचारलं. एक आजी म्हणाल्या, "मुसलमानाचं आहे ना ते? आणि मोडलेलं पण आहे." त्यांच्या हातात गुरुचरित्र होतं, ज्यात तोच राजा गुरूंच्या पायावर डोकं ठेवतो.

कुलपाबद्दल मात्र आमचं मत पक्कं झालं. रंगीन महालाला कुलूप असणं बरोबर आहे. दार सताड उघडं ठेवलं तर हात पोचेल त्या उंचीवर जे गेलं ते वरपर्यंत जाईल. पण कुलूप कधी उघडेल हे नोटीस बोर्डवर लिहिलेलं असावं. दिवसातून दोन ठरलेल्या वेळा, दर वेळी वीस माणसं, सोबत एक जाणकार आणि चौकटीसमोर एक कठडा, एवढं पुरे. कन्नड, मराठी आणि उर्दू या तीन भाषांत पाटी असावी, कारण हे गाव तीन भाषांत बोलतं. दख्खनच्या सुलतानांच्या वास्तू २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, बीदर त्यात आहे. त्याच वर्षी ऐतिहासिक बीदर शहर वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉचवरही आलं. जगाने नोंद घेतली आहे, ती नोंद पाहुण्याला दारात दिसायला हवी.

वाचकांना सांगायचं ते थोडकं आहे. गाणगापूरला निघालात तर एक दिवस बीदरसाठी राखून ठेवा. किल्ल्यात गेल्यावर म्युझियमच्या आधी रंगीन महालाच्या किल्लीची चौकशी करा, दुपारी जेवायच्या वेळी गेलात तर थांबावं लागेल. टॉर्च जवळ असू द्या. महाल पाहून झाला की बिदरीच्या गल्लीत जा, घासाघीस करू नका, चांदीचा भाव कारागिरालाही पडतो. आणि चौकटीवर शिंपला चमकला तरी हात खिशातच ठेवा.